मेंदीवरचा आळ

उस्मानपुऱ्यात शकीलाभाभीचं घर कुणाला विचारावं लागत नाही. लग्नसराईत गल्लीच्या तोंडाशीच नीलगिरीच्या तेलाचा आणि भिजल्या पाल्याचा वास येतो, आणि नाकाच्या मागे मागे चालत गेलं की दार सापडतं. मेंदी काढणाऱ्या शहरात पैशाला पासरी, पण बाजारातला तयार कोन कापून नवरीच्या हातावर फिरवणाऱ्या वेगळ्या आणि शकीला वेगळी. पाला ती स्वतः निवडायची, दळून आणायची, जुन्या मलमली ओढणीतून मैद्यासारखा गाळायची, लिंबू-साखर घालून रात्रभर मुरवायची. काळी मेंदी मागायला कुणी आलंच, तर त्याला उंबऱ्यावरूनच उत्तर मिळायचं, "पाच मिनिटांत रंग पायजे तर भिंतीला लावा. आंगाला नक्को."

तिचा आणखी एक रिवाज होता, तो मात्र बाहेर कुणाला ठाऊक नव्हता. नवी मेंदी भिजली की तिचा पहिला ठिपका लेकीच्या हातावर पडायचा, कोपराच्या आतल्या मऊ बाजूला. मग वाट बघायची. खाज नाही, पुरळ नाही, असं दिसलं तरच उरलेली मेंदी कोनात जायची. त्यामुळे माहनूरच्या हातावर बारा महिने कुठला ना कुठला ठिपका असायचाच. शाळेतल्या मुली विचारायच्या, "काय गं, आज कुठली लस?" आणि माहनूर पूर्वी बाही खाली ओढून घ्यायची.

पूर्वी म्हणजे गेल्या पावसाळ्यापर्यंत. तोवर माहनूर ही शेवटच्या बाकावरची मुकी मुलगी होती. मग एकदा मैदानावरचं गाजर गवत उपटून आलेल्या पोरांचे हात लालेलाल झाले, आणि विज्ञानाच्या सरांनी वर्गाला विचारलं, सगळ्यांनी तेच गवत उपटलं, मग पुरळ चौघांनाच का? आणि माहनूर उभी राहिली. कशी राहिली ते तिचं तिलाही कळलं नाही, पण राहिली आणि घडाघडा बोलली. अंगाला एखादी वनस्पती एकदा खटकली की अंग तिचा चेहरा लक्षात ठेवतं, आणि पुढच्या भेटीला भांडण काढतं. सरांनी तेच तिला जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात माईकवर बोलायला लावलं. तिथून ती ढाल घेऊन आली आणि येताना आवाजही घेऊन आली. तेव्हापासून अम्मी म्हणायची, "पहले तोंड उघडत नव्हती, आता मिटत नाही."

हे ज्ञान तिला पुस्तकातून थोडं आणि गुलमंडीतून जास्त मिळालेलं. तिचा मामा मुबारक तिथं काष्ठौषधीच्या दुकानात कामाला. सुट्टीत माहनूर दुपारभर तिथंच. हिरडा, बेहडा, गुळवेल, मुरडशेंग, सगळ्यात हात घालून बघायची मुभा होती. फक्त कोपऱ्यातल्या एका गोणीजवळ गेली की मामा हातावर फटका मारायचा. त्या गोणीत बिब्बे असायचे. काळे, चपटे, बदामाच्या आकाराचे, दिसायला गरीब. शनिवारी दुकानांच्या दारावर लिंबू-मिरचीबरोबर ओवतात तेच.

"औषध पण हेच आणि दुखणं पण हेच," मामा सांगायचा. "वैद्य नेतात, हकीम नेतात. विटकरीच्या भुकटीत घोळून घोळून याचं तेल काढतात, मग औषधात घालतात. आतली गोडंबी तर आपण लाडवात खातो. पण सालीतलं तेल ज्याला बाधलं त्याला बाधलं. आणि बिब्बा आज लागला तर आज बोलत नाही. चोरासारखा गप बसतो आणि एक-दोन दिवसांनी उठतो. तवर माणूस विसरून गेलेला असतो की हात कुठं लागला होता."

तर अशी ही माहनूर. नववीचा निकाल खिशात, दहावीची पुस्तकं कव्हर घालून तयार, आणि अम्मीच्या हाताखाली मेंदीच्या कामाला.

ज्योतीनगरात मधुसूदनकाकांच्या घरी लग्न होतं. त्यांच्या बायकोचं, उमाकाकूंचं आणि शकीलाचं सख्य फार जुनं. त्या घरची एकही मंगळागौर शकीलाच्या मेंदीवाचून झाली नव्हती. आता एकुलत्या एक मनस्विनीचं लग्न. ती पुण्याला नोकरीला, लग्नासाठी रजा काढून आलेली. मंगळवारी संध्याकाळी मेंदी, गुरुवारी हळद, शुक्रवारी लग्न, असा बेत होता.

मंगळवारी शकीलानं जीव ओतून मेंदी काढली. माहनूरचं काम ठरलेलं. मेंदीच्या हातांची नवरी म्हणजे हात असून नसल्यासारखी. तिला पाणी पाजायचं, केस मागे सारायचे, फोन कानाला धरायचा, नाक खाजलं तर रुमालानं पुसायचं. एवढ्यात लासूर स्टेशनहून सत्यभामा आत्या येऊन दाखल झाल्या. मधुसूदनकाकांची थोरली बहीण. लासूरच्या बाजारात त्यांच्या घरची कांद्याची आडत, आणि आडतीवर पुरुषांच्या आवाजाच्या वर यांचा आवाज. आल्या आल्या त्यांनी मेंदीत नाक खुपसलं.

"शकीला, मोर काढायलीस का कोंबडी?"

"कोंबडीचे पैसे वेगळे पडतील, आत्या," शकीला मान वर न करता म्हणाली, आणि सगळी खोली हसली.

सगळ्यांत मोठ्यांदा आत्याच हसल्या. मग मनस्विनीचे हात उजेडात धरून त्या बघत राहिल्या. "लई साजरं काढलंस गं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "पोरीला दृष्ट लागंल माझ्या." रात्री जेवणाची ताटं मांडली जात होती तेव्हा मायलेकी घरी निघाल्या. मनस्विनी अजून तशीच हात पसरून बसली होती. मेंदी सकाळी खरवडून काढायची होती.

गुरुवारी सकाळी शकीलाचा फोन वाजला. सिडकोतल्या घरचा, जिथं शनिवारी मेंदीला जायचं होतं. पलीकडची बाई फार गोड बोलली आणि म्हणाली, तुम्ही येऊ नका. का, ते सांगितलं नाही. शकीला फोनकडे बघत उभी असतानाच तो पुन्हा वाजला. उमाकाकू.

"शकीला, आत्ताच्या आत्ता ये," आवाज परक्यासारखा. "काय लावलंस तू माझ्या पोरीला? तिच्याकडं बघवत नाही."

कारण थोड्याच वेळात कळलं. मनस्विनीचा चुलतभाऊ हिमांशू यानं लग्नाच्या ग्रुपवर तिच्या सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो टाकला होता, खाली लिहून, "केमिकल मेंदीपासून सावधान." त्याखाली शकीलाचं नाव आणि उस्मानपुरा. ग्रुपमध्ये दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी, त्यांच्या मैत्रिणी, मैत्रिणींच्या नणंदा. तिथून तो फोटो सिडकोला पोहोचायला कितीसा वेळ.

शकीलानं स्कूटी बाहेर काढली. मेंदीवालीकडे दुसरं असतं काय? दुकान नाही, पाटी नाही. नवऱ्या एकमेकींना नाव सांगतात, त्या नावावर घर चालतं. ते एकदा नासलं की उस्मानपुऱ्यातली कुठलीही पोर पुन्हा तिच्यापुढे हात पसरणार नव्हती.

"अम्मी, आपल्या मेंदीनं नाही झालं," माहनूर मागे बसता बसता म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"माझ्या हातावर तीच आहे."

शकीलानं स्कूटी सुरू केली.

मधुसूदनकाकांच्या घरी मांडवाला आंब्याच्या पानांचं तोरण बांधून झालं होतं, हळद वाटून ठेवली होती आणि घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. मनस्विनी खुर्चीत. डाव्या डोळ्याची पापणी सुजून मिटलेली, मानेवर लाल चट्टे, त्यांवर पाण्यानं भरलेले बारीक फोड. रडून रडून उजवा डोळाही डाव्यासारखाच झाला होता.

"भाभी, खरं सांगा," हिमांशू म्हणाला; तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि ते कुणाला विसरू देत नसे. "रंग चढावा म्हणून काय टाकलं होतं त्यात?"

"खुदा कसम, काही नाही," शकीला म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की माहनूरला तो अनोळखी वाटला. काळ्या मेंदीवाल्यांना दारातून हाकलणारी हीच का ती?

माहनूरनं बाही वर केली. "हे बघा दादा. हा ठिपका त्याच मेंदीचा. अम्मी प्रत्येक मेंदी आधी माझ्यावर लावून बघते. कुठं आहे पुरळ?"

हिमांशूनं वाकून बघितलं. माणूस अगदीच वाईट नव्हता. पण म्हणाला, "तुझ्या अंगाला सवय झाली असेल. तुला नाही झालं म्हणून मनूला होणार नाही असं थोडंच आहे?"

आता हा मुद्दा बरोबर होता. माहनूरला तो बरोबर आहे हे कळलं. शकीलानं तिचा दंड धरला. "चुप बैठ, बेटा. बडों में नक्को बोल."

जुनी माहनूर असती तर बाही खाली ओढून बसली असती.

"मनूताई, हात बघू?"

मनस्विनीनं हात पुढे केले. मेंदी काय रंगली होती. कोपरापर्यंत गडद, ओल्या मातीच्या रंगाची, आणि तळव्यांवर तर जवळजवळ काळसर. त्या रंगाखालची कातडी स्वच्छ. एक फोड नाही, एक पुरळ नाही.

"काकू, बघा ना. जिथं मेंदी सगळ्यांत जास्त वेळ बसली तिथं काहीच नाही. मानेला तर अम्मीनं कोन लावलाही नव्हता."

"ॲलर्जी कुठंही उठू शकते," हिमांशू म्हणाला, पण मघाइतक्या जोरात नाही.

माहनूर मनस्विनीभोवती फिरली. फोड होते तरी कुठं? मानेच्या डाव्या बाजूला. डाव्या खांद्याच्या टोकाला. डाव्या दंडावर एक लांबट रेघ, कुणीतरी पेननं ओढावी तशी. आणि डोळ्याची पापणी. ती विचित्र वाट न्याहाळता न्याहाळता तिला एकदम ओळखीची वाटली. किती नवऱ्यांना तिनं असंच करताना पाहिलं होतं.

"मनूताई, मंगळवारी रात्री मेंदी ओली असताना तुम्हाला कानामागं खाज आली होती का? चटका बसल्यासारखी?"

मनस्विनी चपापली. "हो. थोडी."

"आणि मी तर घरी गेले होते. मग तुम्ही खाजवलं कशानं? मेंदीचे हात लावता येत नाहीत. आधी मान वाकडी करून खांदा घासला. मग दंड वर करून दंडानं घासलं. मग तोच दंड डोळ्याला." माहनूर बोलता बोलता ते करूनही दाखवत होती. खांदा उचलून, मान तिरकी करून, हुबेहूब नवरी. कुणी हसलं नाही. "म्हणजे जे काय आहे ते कानामागून निघालंय."

तिनं मनस्विनीचे केस उचलले. कानाच्या मागे सुजलेल्या लाल कातडीत एक छोटी काळी फुली होती.

"ही कुणी घातली?"

मनस्विनीनं मान खाली घातली. खोलीत बायका एकमेकींकडे बघू लागल्या, आणि बघता बघता सगळ्यांची नजर एका जागी जाऊन थांबली.

"काय बघायल्या माझ्याकडं?" सत्यभामा आत्या पदर सावरत म्हणाल्या. "व्हय, मी घातली, मंगळवारी रातच्याला. बिब्ब्याची हाय. सुई तापवून घातली, देवाचं नाव घेऊन. आन ते सांगायचं नसतंय, सांगितलं की दृष्टीचा उतारा फुकट जातोय. म्हणून मीच तिला म्हणलं, अक्षता पडस्तोर तोंड उघडू नको."

"आत्याबाई, अहो, पण मला तरी," उमाकाकू म्हणू लागल्या.

"पण काय पण? ह्या घरातल्या समद्या लेकरांना मीच फुली घातली. ह्या हिमांशूला बी घातली. बघ कसा रेड्यावानी वाढला." हिमांशूनं फोन खिशात घातला. "आन बिब्बा औषध हाय. माझ्या टाचंच्या भेगा बिब्ब्यानंच गेल्या. मला बोटाला लागला, मला का नाय काही झालं?" आणि त्यांनी अंगठा आणि बोट पुढे केलं. दोन्ही टोकं काळी पडलेली, पण फोड नाही.

माहनूरला मामाची गोणी आठवली आणि हसूच आलं. आत्याही बरोबरच बोलत होत्या. इथं प्रत्येक माणूस थोडं थोडं बरोबर होतं, म्हणून तर घोळ झाला होता.

"औषध आहेच, आत्या," ती म्हणाली. "माझे मामा गुलमंडीत विकतात. पण वैद्य त्याचं तेल काढून मग देतात. तुम्ही दिलं ते कच्चं. आणि ते सगळ्यांना बाधत नाही. तुम्हाला नाही, दादाला नाही. ज्याला बाधतं त्याचं अंग पहिल्यांदा नुसतं ओळख ठेवतं, दुसऱ्यांदा उसळतं. मनूताईला आधी कधी घातली होती?"

"लहानपणी घातली, पायाला. मग साखरपुड्याला, कानामागं," आत्या म्हणाल्या.

"साखरपुड्यानंतर हिचा कान खाजत होता," उमाकाकू सावकाश म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, नव्या झुमक्यांनी. झुमके बदलून आणले मी."

"अजून एक विचारू, काकू? मनूताईला आंब्याचा चीक सोसतो का?"

"छे. लहानपणापासून ओठ सुजतात तिचे. देठ कापून, चीक गाळून, धुवून मगच आंबा देतो आम्ही तिला. का गं?"

"कारण आंबा, काजू आणि बिब्बा एकाच खानदानातले. सख्खे चुलत म्हणा. ज्याला एकाचा चीक बाधतो त्याला दुसऱ्याचाही बाधू शकतो. आणि मेंदी," माहनूरनं अम्मीकडे बघितलं, "मेंदी त्या खानदानातली नाहीच."

शकीला तिच्याकडे अशी बघत होती, की जणू ही पोर कुणाची ते तिला आठवून बघावं लागत होतं.

मग धावपळ झाली. आत्या म्हणाल्या, खोबरं आणि तीळ वाटून लावा. माहनूर म्हणाली, नानी पण तेच सांगते, पण डोळ्याजवळ गेलंय, तेव्हा आधी साबणानं हलक्या हातानं धुवा आणि डॉक्टर गाठा. मधुसूदनकाका, जे इतका वेळ खांबासारखे दारात उभे होते, त्यांनी गाडी काढली.

ते परत येईपर्यंत शकीला ओट्यावर बसून राहिली. चहा आला तो तिनं बाजूला ठेवला. आत बोलावलं, गेली नाही. बसायचं कारण एकच, निकाल ऐकून जायचं.

काका आले ते पायऱ्या चढता चढताच बोलू लागले. बिब्बाच. त्वचेच्या डॉक्टरांनी फुली बघितली आणि एका नजरेत सांगितलं. गोळ्या आणि मलम दिलंय, उद्यापर्यंत डोळा उघडेल, हळद फक्त पायांना लावायची, मानेवर शेला घ्यायचा. "मी त्यांना आंब्याचं पण सांगितलं," काका म्हणाले, "तर त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हटलं, आमच्या मेंदीवाल्या शकीलाताईंच्या मुलीनं. दहावीला आहे. म्हणाले, तिला सांगा, बरोबर ओळखलंस."

माहनूरचे कान गरम झाले. जिल्ह्याची ढाल मिळाली तेव्हाही इतके झाले नव्हते.

उमाकाकूंनी शकीलाचे हात धरले. "शकीला, माझं चुकलं गं. लग्नाची घाई, पोरीचा चेहरा बघून डोकंच चालेना. चल, आत ये, जेवूनच जा."

"नको ताई, असू दे," शकीला उठली. "चल बेटा."

माहनूर उठली नाही. "काकू, आणि ग्रुपवरचं?"

"ते मी डिलीट करतो," हिमांशू पटकन म्हणाला.

"डिलीट केल्यानं काय होतं दादा? बघणाऱ्यांनी बघितलं. सिडकोवाल्यांनी शनिवारची मेंदी रद्द पण केली. त्यांच्या फोनमधून कोण डिलीट करणार?"

पुढची अडचण माहनूरलाही समजत होती. खरं लिहायचं तर आत्यांचं नाव लिहावं लागणार. ग्रुपवर नवऱ्या मुलाकडची माणसं. उद्या लग्न, आणि आज नवरीच्या सख्ख्या आत्याबद्दल तसलं काही. उमाकाकू चाचरत म्हणाल्या, "नुसतं एवढं लिहू की मेंदीनं नव्हतं? कशानं झालं ते राहू दे. आत्याबाईंचं वय..."

"मग लोक म्हणतील, पैसे देऊन लिहून घेतलं," माहनूर म्हणाली.

"जाने दे, बेटा," शकीलानं तिचा खांदा दाबला. "अपने को मालूम है ना. बस."

"नाही अम्मी, बस नाही." माहनूर ओट्यावर घट्ट बसून राहिली. "तू कधीच कुणाला काही सांगत नाहीस. पाला निवडतेस ते सांगत नाहीस, गाळतेस ते सांगत नाहीस, आधी माझ्या अंगावर लावून बघतेस ते तर या काकूंना पण आज कळलं. तुझं नाव सगळ्यांसमोर खराब झालं, मग साफ पण सगळ्यांसमोरच झालं पाहिजे. मी नाही उठणार."

ओट्यावर कोपऱ्यात बसलेल्या सत्यभामा आत्या खाकरल्या.

"हिमांशू, आण इकडं तो फोन."

"आत्या, राहू दे, मी लिहितो नीट."

"तू लिहिलंस तेवढं पुरं झालं. बोलायचं कुठून असतंय ते सांग."

त्यानं बटण दाखवलं. आत्यांनी फोन आरशासारखा तोंडासमोर धरला. पहिला निरोप गेला तो एवढाच, "दाबलं का? हां. आता बोलू का? आरं हे लाल का झालं?" तो दोन्हीकडच्या सगळ्या वऱ्हाडाला गेला. मग दुसरा.

"मी लासूरची सत्यभामा बोलतीय, मनूची आत्या. मनूच्या मानंवर जे उठलंय ना, ते मेंदीनं नाय. पोरीला दृष्ट लागू नाय म्हणून मी कच्च्या बिब्ब्याची फुली घातली, त्यानं उठलं. डाक्टरनं बी तेच सांगितलं. माझी माया होती, पर तिच्या अंगाला सोसला नाय. शकीलाच्या मेंदीला कुणी नावं ठेवायची नाय. ती बाई मेंदी आधी सोताच्या लेकीला लावून बघती, मग आपल्या लेकींना लावती. असं कोण करतंय सांगा. आन हे समदं जिनं हुडकलं ती तिचीच लेक, माहनूर. दहावीला गेलीया. आमच्या हिमांश्यापेक्षा हुशार हाय. हां. ठेवते."

हिमांशूनं डोळे मिटून घेतले. मग त्यानंच, कुणी न सांगता, खाली लिहिलं, "चूक माझी. न विचारता फोटो टाकला. शकीलाभाभींची माफी मागतो." आणि ते माहनूरला दाखवून मगच पाठवलं.

फोन टिंग टिंग वाजत सुटला. नवऱ्या मुलाच्या आईचा आवाज आला, "आत्याबाई, मनूची काळजी घ्या, आणि उद्या आमच्या मुलाला लांबूनच आशीर्वाद द्या हं." आत्या स्वतःच खो खो हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग शकीलाजवळ येऊन बसल्या. तो गार झालेला चहा आत नेला आणि स्वतःच्या हातानं गरम करून आणला. शकीलानं तो घेतला.

घरी निघता निघता सिडकोचा फोन आला. तीच बाई, पुन्हा तितकीच गोड. काहीतरी गैरसमज झाला होता, शनिवारी नक्की या. शकीला नेहमी गिऱ्हाइकाशी हळू आवाजात बोलायची. आज ती भर रस्त्यात, स्कूटीला टेकून, सगळ्या ज्योतीनगरला ऐकू जाईल अशी बोलली.

"येते. पण माझी लेक पण येईल. मेंदीच्या आधी ती नवरीशी बोलेल, काय सोसतं, काय नाही ते विचारेल. ती हो म्हणाली तरच मी कोन हातात घेणार. चालेल? ... मग ठीक आहे."

घर पाच मिनिटांवर होतं, पण त्या दिवशी ते लवकर आलंच नाही. शकीला आधी किराणावाल्याकडे थांबली. काहीच घ्यायचं नव्हतं, पण थांबली आणि सगळी गोष्ट सांगितली. मग गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणाऱ्या खालाला सांगितली. मग म्हणाली, चल, मुबारकला पण सांगून येऊ, आणि स्कूटी उलटी फिरवून थेट गुलमंडी. ज्या बाईनं आयुष्यात स्वतःबद्दल कुणाला चार शब्द सांगितले नव्हते, ती आज थांबायलाच तयार नव्हती. आणि प्रत्येक दुकानाला गोष्ट थोडी थोडी वाढत होती. किराणावाल्याकडे डॉक्टरांनी नुसतं विचारलं होतं. खालाकडे त्यांनी नाव लिहून घेतलं. गुलमंडीला पोहोचेपर्यंत डॉक्टर खुर्चीतून उभे राहिले होते.

"खडे हो गए," शकीला गल्ल्यावर हात आपटून मुबारकमामाला सांगत होती. "अपनी कुर्सी से. बोले, ये लडकी को मेरे पास भेजो."

मामानं चष्म्यावरून भाचीकडे बघितलं. "खरं का गं?"

माहनूर, जी आता सरांनाही फळ्यावरची चूक दाखवायला कचरत नव्हती, तिनं एकदा अम्मीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उन्हानं लाल झालेला, घामानं निथळणारा, आणि असा उजळलेला की बाजूच्या कापडवाल्यानंही कापड मोजायचं थांबवून तिकडं बघितलं होतं.

"हो मामू," ती म्हणाली. "अगदी उभे राहिले."